काष्टीकडचा समुद्र

जगाचा नकाशा दिसला, की तिचं बोट आपोआप एकाच ठिकाणी जायचं. दक्षिण अमेरिकेच्या डाव्या कडेला, जरा पोटात. तिथून ते सावकाश समुद्राकडं सरकायचं आणि ती सुस्कारा सोडून म्हणायची, "मॅडम, हितनं हितपर्यंत आमचं हुतं."

बांधावर उभं राहून गेलेली जमीन दाखवावी, तसा तो हात. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याशी तुम्ही घटकाभर बोलला असाल, तर तो हात तुमच्या ओळखीचा आहे. फरक एवढाच, की ही पोरगी काष्टीजवळच्या एका वस्तीवरची आणि गेलेलं रान म्हणजे बोलिव्हिया देशाचा समुद्रकिनारा. तो गेला तेव्हा तिच्या पणजोबांचासुद्धा जन्म झाला नसेल. पण सुस्कारा असा, की कालच मोजणी झाली आणि हिच्या घरी चूल पेटली नाही.

मी नगरला एका सरकारी विद्यापीठाच्या केंद्रात बी.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे कायमची तात्पुरती. विषयाचं नाव सांगितलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे पासपोर्टचं काम का?" पूर्वी मी समजावून सांगायचे. हल्ली हो म्हणते आणि पोहे खाते.

आमच्याकडं एक पद्धत आहे. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला स्टीलच्या डब्यात देशांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येकानं एक उचलायची. जो देश निघेल तो तीन वर्षं सांभाळायचा. त्याच्या बातम्या वाचायच्या, त्याचं म्हणणं वर्गात मांडायचं, त्याला कुणी नावं ठेवली तर उत्तर द्यायचं. पोरांना अमेरिका हवी असते, जपान हवं असतं. बदलून मिळत नाही, हा नियम मी स्वतः केलेला आहे आणि त्याबद्दल पोरांनी मला पाठीमागं काय काय म्हटलंय ते मला सगळं माहीत आहे.

पुढं जाण्याआधी एक सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही नुसतं हसत बसणार नाही. हिच्या समुद्राची गोष्ट सरतेशेवटी एका उसाच्या फडापाशी येऊन थांबली. तिच्या नानांचा, म्हणजे सख्ख्या चुलत्याचा, ऊस तोडीला आला होता आणि रानातून बाहेर काढायला वाट नव्हती. कारखाना काही कुणासाठी थांबत नाही. हंगाम संपला की उभ्या उसाला कुणी विचारत नाही. तो ऊस निघणार की जागेवर वाळणार, आणि त्यापायी ही पोरगी शिकणार की घरी बसणार, असा सगळा तो मामला होता. मला तो तिसऱ्या वर्षी कळला. तिलासुद्धा, त्या घरातच वाढून, तेव्हाच कळला.

तर चिठ्ठी. तिनं ती उघडली, वाचली, परत वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे कुठं आलं?"

वर्ग हसला. मी नकाशावर दाखवलं. तिनं मान हलवली आणि चिठ्ठी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. खरंच बांधली. म्हटलं चला, निदान हरवणार तरी नाही.

पुढच्या आठवड्यात आली ती तणतणतच. "मॅडम, तुमी सांगितलं न्हाई."

"काय सांगितलं नाही?"

"आमचा समुद्र गेला म्हनून. शेजाऱ्यानं घेतला, लढाई करून. आता आमचा माल बाहेर काढायचा तर दुसऱ्याच्या रानातनं जावं लागतं."

"रानातून नाही गं. देशातून."

"तेच ते," ती म्हणाली.

हे "तेच ते" मी तीन वर्षं ऐकलं. राजदूत म्हणजे मध्यस्थीला आलेला पाहुणा, तेच ते. परराष्ट्र धोरण म्हणजे भावकीत कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नुसत्या हळदीला, तेच ते. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मग एकदा तिच्याच तोंडून निर्बंध म्हणजे वाळीत टाकणं हे ऐकलं आणि मागच्या बाकावरची पोरं, जी मी तास-तासभर ओरडून सांगितलं तरी ढिम्म बसायची, ती एकदम माना डोलवायला लागली. तेव्हापासून मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

शेजारी म्हणजे चिली. आणि चिलीची चिठ्ठी निघाली होती कोपरगावच्या एका किडकिडीत पोराला. बिचारा. तो मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हिनं त्याच्याशी वैर धरलं. हजेरीच्या वेळी त्याचं नाव आलं की ही खिडकीबाहेर बघायची. एकदा त्याचं पेन संपलं, त्यानं हिच्याकडं मागितलं. हिच्याकडं दोन होती. "आधी आमचा किनारा दे," ही म्हणाली.

"अगं, मला चिठ्ठीत निघालीय ती," तो रडकुंडीला आला. "मी काय लढाई केली का?"

"तू न्हाई केली. तुझ्या पूर्वजांनी केली."

त्याचे पूर्वज कोपरगावला गोदाकाठी गहू-हरभरा करत होते, हे मी सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

बोलिव्हियाकडं अजून आरमार आहे, हे तिला कळलं तो दिवस मी विसरणार नाही. समुद्र नाही, तरी आरमार आहे. मोठ्या तळ्यात सराव करतात. वर्गात हे ती मान ताठ करून सांगत होती आणि नेमकी तेव्हाच मागची पोरं फिदीफिदी हसली. ही अशी वळली, की मीच खुर्चीत मागं सरकले.

"हसताय काय? आमच्या आप्पांनी बैलं विकून ट्रॅक्टर घेतला, पन घुंगरमाळा अजून खुंटीला हायेत. दर दिवाळीला पुसून ठेवत्यात. त्यांना कुनी हसलं तर चालंल का?"

आप्पा म्हणजे तिचे वडील. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, बाई गं, ह्या माणसाला एकदा बघायला पाहिजे.

बोलिव्हियात वर्षातून एक दिवस गेलेल्या समुद्राची आठवण काढतात. मिरवणुका निघतात, भाषणं होतात. हिला ते समजलं, आणि हिनं काय करावं? उपास धरला! वसतिगृहाच्या खानावळीत जाऊन मावशींना सांगितलं, आज माझा समुद्राचा उपास हाय, साबुदाना मिळंल का? मावशी भाविक. कुठल्या देवाचा, काय, न विचारता त्यांनी खिचडी करून दिली, वर दाण्याची आमटी. दुसऱ्या वर्षी मावशीच आठवण करून द्यायला आल्या आणि वसतिगृहातल्या आणखी चारदोन मुलींनी तो उपास धरला. त्यातल्या एकीचा देश जपान होता. त्या देशाला चहूबाजूंनी समुद्रच समुद्र. तिला म्हटलं, "तुला गं कशाला हवा उपास?" तर ती बेलापूरची चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मॅडम, खिचडी चांगली असते."

दुसऱ्या वर्षी आम्ही सहलीला कोकणात गेलो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बस थांबली न थांबली तोच सगळी चपला हातात घेऊन पळाली. ही वाळूत उभी राहिली, हाताची घडी घालून. "अगं, जा की," मी म्हटलं.

"न्हाई मॅडम. आमचा मिळाल्याबिगर मी दुसऱ्याच्यात शिरनार न्हाई."

ऊन असं, की डोकं भाजून निघावं. मला हसूही येत होतं आणि रागही. खारं पाणी, फुकटचं, आणि ही निषेध करत उभी. मी तिला दटावलं, लाडीगोडी लावली, शेवटी शहाळं घेऊन दिलं. ते ती प्यायली. पण पाय काही ओला केला नाही.

मला ती आवडायची. सरळच सांगते. शिकवणाऱ्यानं आवडनिवड ठेवू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांना रिकाम्या डोळ्यांच्या वर्गासमोर दुपारचा तास घ्यायला पाठवावं. ही आली की वर्गात कुणाचं तरी काहीतरी खरोखरच गेलेलं असायचं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला आमच्याकडं पक्षबदल असतो. ज्या देशाशी तुमच्या देशाचं भांडण, त्या देशाच्या बाजूनं तुम्ही उभं राहायचं. भरल्या सभागृहात, पालकांसमोर. शेवटी हात वर करून निकाल, आणि जो जिंकेल त्यानं हरलेल्याला एक गोष्ट द्यायची, असा रिवाज आहे. साधारण पोरं 'मैत्रीचा हात' वगैरे देऊन मोकळी होतात. तिला अर्थातच चिली आली आणि कोपरगावच्या पोराला बोलिव्हिया.

"मी? चिलीच्या बाजूनं?" ती उभीच राहिली. "जीभ झडंल माझी."

"झडली तर झडली. तोवर बोल."

"मॅडम, तुमी जल्लाद हाय."

तो शुक्रवार होता. ती घरी गेली. मी म्हटलं, रविवारपर्यंत रुसेल, सोमवारी येईल. सोमवारी आली खरी, पण रुसलेली नव्हती. गप्प होती. तास संपला, पोरं गेली, तरी ही बाकावरच. मी खडूचे हात झटकत जवळ गेले.

"काय गं? मुद्दे मिळाले नाहीत का चिलीचे?"

"मिळाले की. लई मिळाले." ती बाकावरच्या रेघोट्या बोटानं घासत होती. "आप्पांनी दिले."

झालं होतं असं. जेवायला बसल्यावर हिनं वडिलांना सहज विचारलं, समजा एखाद्याला आपल्या रानातनं वाट द्यायची न्हाई, तर काय काय म्हनायचं? आप्पांची कळी खुलली. पोरगी पहिल्यांदाच त्यांना अभ्यासातलं काही विचारत होती. भाकरी हातात तशीच राहिली आणि ते सुरू झाले. आज गाडी जाती, उद्या पाइपलाइन जाती. आज ईनंती करत्यात, दहा वर्सांनी वहिवाट सांगत्यात. बोट दिलं की मनगट धरत्यात. आई मधेच म्हणाली, "आता त्या नानांचं कशाला काढलंय जेवताना?"

"मॅडम, माझा घासच अडकला," ती म्हणाली. "मला वाटायचं आप्पा-नानांचं भांडन हाय. हिरीवर काय शिवीगाळ झाली, कोन लग्नाला आलं न्हाई, असलं काय काय. घरात तसंच सांगायचे. आमचं रान रस्त्याला, नानांचं मागं. मधी बाभळीच्या फांद्या टाकल्यात आप्पांनी. मी रोज त्या बघत मोठी झाले, मॅडम. कुंपन म्हनायचो आमी त्याला."

मग तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर असं काही हसू, की काय करावं ते मला कळेना.

"मॅडम, आमीच चिली हाय."

मी तिच्या शेजारी बसले. तिनं मग सगळं सांगितलं. नाना आजवर ज्वारी-बाजरी करायचे, ती डोक्यावरून निघायची; यंदा पहिल्यांदाच लावलेला त्यांचा ऊस तोडीला येऊन उभा होता. तुरे फुटले होते. तोडणी टोळी एकदा येऊन, वाट नाही म्हणून परत गेली होती. होळीच्या आसपास कारखाना बंद होणार. नानांची मुलगी हिच्याच वयाची. एका ताटात जेवून, एका सायकलीवर शाळेत जाऊन दोघी वाढलेल्या. ती आता समोरून गेली तरी बोलत नव्हती. "मला वाटायचं तीच आखडू झालीय," ही म्हणाली. "आता कळलं, मी कोपरगाववाल्याशी बोलत न्हाई, तसंच ते."

"मग आप्पांशी बोल की."

"त्यांच्याशी?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी काल परदेशातून आलेय. "मला हितं पाठवायलाच तयार नव्हते ते. आईनं धरनं धरलं तवा पाठवली. निघताना म्हनले हुते, पोरगी आगाव झाली, बापाला शिकवायला लागली, की त्याच दिवशी गाठोडं बांधून परत आनीन. आन् मॅडम, आमचे आप्पा बोलले की करत्यात."

शेवटची सहामाही चालू होती. मी म्हटलं, "तुला चिली नको असेल तर राहू दे. ह्या वेळेस दुसरा देश देते."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "न्हाई मॅडम. आपल्याकडं बदलून मिळत न्हाई."

कार्यक्रमाला आप्पा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात लिंबांनी भरलेली पिशवी. "मॅडम, घरची हायेत. रसाळ हायेत," म्हणत त्यांनी ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकात मावेनात, म्हणून तिरके बसले. मी त्यांच्याकडं रागानं बघायचं ठरवलं होतं. जमलं नाही. असा आनंदी माणूस होता! शेजारच्या पालकाला हात करून ते सांगत होते, ती तिसरी, निळ्या ओढनीतली, ती आमची.

ती उभी राहिली. आणि बोलली हो! शुद्ध पुस्तकी मराठीत, पण आप्पांचाच एकेक मुद्दा. "अध्यक्ष महोदया, वाट ही नुसती वाट नसते. आज गाडी जाते. उद्या जलवाहिनी जाते. परवा त्यांची मुलं म्हणतात, ही आमच्या आजोबांची वाट. आम्ही युद्ध जिंकलं, तह झाला, सह्या झाल्या. झालेला व्यवहार प्रत्येक पिढीनं उकरायचा म्हटलं, तर जगात एक तरी बांध जागेवर राहील का?" मागच्या बाकावर आप्पांची टोपी खाली-वर होत होती. त्यांनी शेजाऱ्याच्या दंडाला धरलं. "माझे मुद्दे हायेत," ते कुजबुजले. ती कुजबुज माझ्यापर्यंत ऐकू आली.

मग कोपरगावचं पोरगं उठलं. तयारी भरपूर होती त्याची, मी घेतली होती. पण हिच्या भाषणानं ते पार गांगरलं. एक घोट पाणी प्यायलं. आणि सगळं विसरून म्हणालं, "आम्ही काय तुमची जमीन मागतोय का? आमचं पिकलेलं घेऊन आम्हाला बाहेर पडायचंय. तेवढंच." आणि बसलं.

हात वर झाले. चिली जिंकली, तीही दणदणीत. आप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या पोराचा पडलेला चेहरा पाहून तेवढं ते शेजाऱ्याला म्हणालेही, "बेनं बरं हाय पन. शेवटी बोललं ते चुकीचं न्हाई बोललं."

मी रिवाजाप्रमाणं विचारलं, "चिलीचे प्रतिनिधी, आपण जिंकलात. आता बोलिव्हियाला काय देणार?"

मैत्रीचा हात म्हण आणि मोकळी हो, असं मी डोळ्यांनी खुणावत होते. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती मागच्या बाकाकडं बघत होती.

"मला अधिकार न्हाई, मॅडम." शुद्ध मराठी एकदम गळून पडली. "मी नुसती बोलनारी. देश आमच्या आप्पांचा हाय. ते बसल्यात तिकडं. त्यांना इचारा."

सगळं सभागृह हसलं. पोरं, पालक, आमचे विभागप्रमुख, सगळे. काय गोड पोरगी, असं कुणीतरी म्हणालं. हसले नाहीत ते आम्ही तिघंच. आप्पांच्या टाळ्या थांबल्या होत्या. ते तसेच उभे, दोन्ही हात छातीजवळ. बापलेक एकमेकांकडं बघत राहिली. मी हातातला माईक टेबलावर ठेवून दिला. आता हा माणूस हिचं मनगट धरणार आणि बसस्टँड गाठणार, असंच मला वाटलं.

आप्पांनी टोपी सारखी केली. घसा खाकरला.

"इचार करून सांगतो," ते म्हणाले.

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. एवढी वर्षं मी मुत्सद्देगिरी शिकवते आहे, पण इतकं अचूक उत्तर माझ्या एकाही पोराला सुचलेलं नाही.

तिला घेऊन ते त्याच दिवशी गावी गेले. सोमवारी तिची जागा रिकामी. मंगळवारी रिकामी. फोन बंद. मी शिकवत होते खरी, पण काय शिकवलं ते देव जाणे. कोपरगावचं पोरगं तासाला तासाला दाराकडं बघत होतं. "मॅडम, माझ्यामुळं काही झालं का?" त्यानं विचारलं. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

शनिवार काष्टीच्या बाजाराचा. तो गेला, आणखी एक आठवडा गेला, आणि सोमवारी सकाळी विभागाच्या दारात काहीतरी धाडकन पडलं. मी बाहेर आले. उसाची मोळी. तिच्यामागं ही, घामानं डबडबलेली, बसस्टँडवरनं ती मोळी डोक्यावर घेऊन चालत आलेली.

"नानांचा हाय," ती म्हणाली. "निघाला."

मग जे काही ती बोलत सुटली! घरी गेल्यावर आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. हिनं वसतिगृहातलं सामान आधीच गाठोड्यात बांधून आणून आईपाशी ठेवलं होतं, म्हटलं आप्पांवर सांगायची वेळ नको. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण काढता काढता आप्पांनी विचारलं, "त्या खऱ्या चिलीनं काय दिलं गं त्यास्नी?" हिनं सांगितलं, जमीन न्हाई दिली. माल न्यायला वाट दिली. वाट चिलीचीच, जाऊ मात्र देत्यात. आप्पा म्हणाले, "हुशार हाय चिली."

पण पहिल्यांदा कुणी कुणाच्या दारात जायचं? आप्पा जाणार नाहीत, नाना येणार नाहीत. मग हिनं डोकं चालवलं. तिसऱ्याच्या भूमीवर भेट. बाजारात, बैलांच्या रांगेपलीकडच्या चहाच्या टपरीवर, आप्पांना हिनं नेलं आणि नानांना तिच्या चुलतबहिणीनं. दोघींनी आधी आपापसात बोलून, म्हणजे आधी मनसोक्त भांडून मग रडून, सगळं ठरवलेलं. दोघं भाऊ बराच वेळ बैलांच्या शिंगांवरच बोलले. चहा आला. आप्पा म्हणाले, "वाट घे. पन वाट माझी."

नाना म्हणाले, "तुझीच हाय, दादा."

"संपलं, मॅडम. एवढंच. तेवढ्यासाठी बाभळी टाकल्या हुत्या." आप्पांनी दुसऱ्या दिवशी स्वतः त्या फांद्या ओढल्या. हाताला काटे लागले, कुणाला हात लावू दिला नाही. टोळी आली, ट्रॅक्टर आले, कारखाना चालू होता तोवर सगळा फड मोकळा झाला.

"आन् एक अट हाय," ती डोळे बारीक करून म्हणाली. "ऊस गेला की आप्पा ती वाट परत नांगरनार. वाट दर वर्षी नव्यानं मागायची. नानांनी घरी येऊन, बसून, चहा पिऊन मागायची. काकूला आन् पोरांना घेऊन."

"ही अट आप्पांची?"

"आप्पांना वाटतं त्यांची हाय," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली. तासिका तत्त्वावरच्या बाईनं असं करावं का, माहीत नाही. उसाचा चिकट रस माझ्या साडीला लागला. ती मग मोळीतला सगळ्यात जाड ऊस उपसून वर्गात गेली आणि कोपरगावच्या पोरासमोर ठेवला. "धर," म्हणाली. "आन् पेन पाहिजे असलं तर सांग."

ती आता आमच्याकडं नाही. पुढं शिकायला दिल्लीला गेली, आप्पा स्वतः रेल्वेत बसवून आले. स्टीलचा डबा अजून आहे, चिठ्ठ्या निघतात, पण ओढणीला कुणी बांधत नाही. वर्गातला नकाशा तिच्या बोटानं जिथं झिजलाय, तिथं बोलिव्हियाची हद्द दिसेनाशी झाली आहे. नवीन नकाशा मागवा म्हणतात, मी लक्ष देत नाही. मधे तिनं मला एक फोटो पाठवला. कुठल्याशा किनाऱ्यावर घोट्याएवढ्या पाण्यात उभी, सलवार वर खोचलेली, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, "मॅडम, इचारून शिरले." मला आठवण आली की मी तो फोटो काढून बघते. फार आठवण येते तिची, खोटं कशाला बोलू?

ह्या हिवाळ्यात आप्पांनी हुरड्याला बोलावलं. काष्टीला उतरले, वस्तीकडच्या फाट्यापर्यंत रिक्षानं गेले आणि तिथं वाट विचारायला एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं. म्हटलं, ज्यांची मुलगी दिल्लीला शिकते, त्यांच्या रानात जायचंय.

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "चिलीत जायचंय का बोलिव्हियात?"

मला वाटलं माझे कान वाजले. "हुरड्याला आलेय," मी म्हटलं.

"मग बोलिव्हियात. जवारी तिकडं हाय." त्यानं ट्रॅक्टरवरूनच हात लांब केला आणि बोट हवेत सावकाश सरकवलं, हुबेहूब तिच्यासारखं. "हितनं हितपर्यंत चिली. त्याच्या म्होरं बोलिव्हिया. चिलीतनं सरळ जावा बाई, आता कुनी अडवत न्हाई."